पहिली वेलांटी की दुसरी?

माझा पुतण्या चौथीत आहे. संध्याकाळी गृहपाठाला बसला की बाहेरच्या खोलीतून हाक येते, "आत्या, 'जमीन'मधल्या म ला पहिली की दुसरी?" मी लसूण सोलता सोलता सांगते, दुसरी. "आणि 'जमिनीवर'मधल्या?" पहिली. मग खोडरबर घासल्याचा आवाज. वहिनी म्हणते, "पुस्तकात बघ की रे, आत्याला कशाला त्रास." तिला तो त्रास वाटतो. मला मात्र मनातून बरं वाटतं. घरात डोळे असलेली तीन माणसं, आणि वेलांटी विचारायची ती आंधळीला.

(हो, आंधळी. सरकारी कागदावर मी दिव्यांग आहे, कार्यक्रमपत्रिकेत दृष्टिबाधित आणि सूत्रसंचालकाच्या तोंडी 'अंधत्वावर मात केलेली'. मी कशावरही मात केलेली नाही. चौथ्या वर्षी गोवरात डोळे गेले, त्याला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. आम्ही दोघी एकाच घरात राहतो, इतकंच.)

तर वेलांटी. डोळस माणसाला शब्दाबद्दल शंका आली की तो कागदाच्या कोपऱ्यात दोन्ही तऱ्हांनी लिहून बघतो आणि एकाकडे बोट दाखवून म्हणतो, "हा डोळ्याला बरा वाटतो." हे मी ऑफिसात कितीदा तरी ऐकलंय आणि दर वेळी मला हेवा वाटलाय. माझ्याकडे तो कोपरा नाही. माझ्याकडे नियम आहेत. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा, आणि १९७२ मध्ये त्यात भर पडली ते चार. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, 'आणि' नि 'नि' वगळून. अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ: वकील, गरीब, फूल. विभक्ती लागली की तो आखडतो: वकिलाला, गरिबाला, फुलाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द यातून सुटतात, म्हणून गुण तो गुणच आणि विष ते विषच. लोक पाढे म्हणतात तसे मी हे म्हणत मोठी झाले.

आणि तरीही संपादकांचा फोन येतो. "ताई, लेख उत्तमच. फक्त शुद्धलेखनाचं तेवढं जरा…" पुढचं वाक्य ते पूर्ण करत नाहीत. आंधळ्या बाईला शुद्धलेखनावरून बोलावं की नाही, हा त्यांना पेच. मीच विचारते, किती चुका? मग हायसं वाटून ते वाचून दाखवतात. एकदा मी 'कपाळावरची शिर तडतडत होती' असं लिहून पाठवलं होतं. शीर म्हणजे रक्तवाहिनी, शिर म्हणजे अख्खं डोकं. त्या गृहस्थांनी हसू दाबत विचारलं, "ताई, कपाळावर आणखी एक डोकं?"

ही चूक डोळ्यांची नव्हे. माझ्या कानाची आहे, आणि ती का होते हे सांगायचं तर जरा मागं जायला हवं.

सहाव्या वर्षी मी दादरला अंध मुलींच्या शाळेत आले. बाबा लालबागला गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते चिपळूणजवळ गावी परतले आणि दोन वर्षांनी त्याच मुंबईत मला वसतिगृहात सोडून गेले. म्हणजे खरं तर आई सोडून गेली. बाबा फाटकाबाहेर रिकामी ट्रंक धरून उभे होते. त्या दिवसावर मी पुढे एक लेख लिहिला. त्याचा विषय मागाहून येणारच आहे.

शाळेत पहिल्या आठवड्यात हातात पाटी आली. ब्रेलची पाटी म्हणजे दगडी नव्हे. दोन पट्ट्या बिजागरीने जोडलेल्या, मध्ये जाड कागद, वरच्या पट्टीत ओळीने छोट्या खिडक्या, खालच्या पट्टीत प्रत्येक खिडकीखाली सहा खळगे. लाकडी मुठीच्या स्टायलसने त्या खळग्यांत कागद टोचायचा. ठिपके उमटतात मागच्या बाजूला. म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलटं, आणि मग कागद पालथा करून वाचायचं डावीकडून. कोणी म्हणेल, किती अवघड! सहा वर्षांच्या मुलीला काहीच अवघड नसतं. आम्हाला वाटायचं, सगळं जग असंच लिहीत असणार. संध्याकाळी वर्गात पंधरा जणी टोचत बसल्या की पत्र्यावर पाऊस सुरू झाल्यासारखा आवाज व्हायचा, आणि एखादीचा थांबला की बाई तिकडे जायच्या.

एका घरात सहा ठिपके. डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन. उजवीकडे चार, पाच, सहा. याच सहांत सगळी बाराखडी. वेगवेगळ्या भागांत आधी वेगवेगळी चिन्हं चालत, ती एकत्र करून १९५१ मध्ये सगळ्या भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरलं. त्यामुळे माझा क आणि बंगाली मुलीचा क एकच. पण मला सांगायचंय ते इ बद्दल. ऱ्हस्व इ म्हणजे दोन आणि चार. दीर्घ ई म्हणजे तीन आणि पाच. बोटाखाली आणून बघा: तीच तिरकी जोडी, फक्त एक पायरी खाली उतरलेली. आकार एकच, उंची वेगळी. शेजारच्या अक्षराच्या आधाराने बोटाला कळतं की ही वर आहे की खाली. म्हणून त्या काळात मला शीर आणि शिर वेगळे आहेत हे कोणी शिकवावं लागलं नाही. ते बोटाला वेगवेगळे लागायचे.

मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेले तेव्हा भावाने अंगणातल्या धुळीत माझं बोट धरून त्याची अक्षरं काढून दाखवली. क काढला, उभी रेघ, पोट, शेपूट. मग माझं बोट उचलून त्याने परत डावीकडे नेलं आणि क च्या अलीकडे एक काठी आणि वर मुडप काढली. म्हणाला, "झाला कि."

"मागे का आलास?"

"पहिली वेलांटी डावीकडेच असते."

"पण उच्चार तर क चा आधी होतो ना?"

त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "बाईंनी तसंच शिकवलंय." मला ते अजिबात पटलं नाही. आमच्या ब्रेलमध्ये क, मग इ. जसं बोलतो तसं. मला कित्येक दिवस वाटत राहिलं की डोळस लोकांच्या लिहिण्यात काहीतरी गोंधळ आहे आणि त्यांना तो कोणी सांगितलेला नाही.

दहावीला बोर्डाच्या परीक्षेत ब्रेल चालत नव्हतं. तपासणार कोण? आपण सांगायचं आणि आपल्यापेक्षा खालच्या इयत्तेतल्या मुलीने लिहायचं. कागदोपत्री तिला लेखनिक म्हणतात. आमच्यात सगळे 'रायटर' म्हणतात. "तुला रायटर मिळाला का?" "माझी रायटर आलीच नाही गं!" मार्च महिन्यात वसतिगृहात दुसरा विषय नसायचा. माझी रायटर आठवीतली, अक्षर सुरेख म्हणून निवडलेली. मराठीच्या पेपरला मी निबंध सांगत होते आणि मध्येच मला शंका आली. विचारलं, "'म्हणून' कसं लिहिलंस?" ती म्हणाली, "म, ह, ण ला पहिला उकार." मी म्हटलं, दुसरा दे. तिने दिला. मग मी प्रत्येक शब्दाला सांगत सुटले, याला पहिली, त्याला दुसरी. पेपर अर्धवट राहिला. मराठीत मला जे मार्क पडले त्यातले किती माझे आणि किती तिच्या वेलांट्यांचे, देव जाणे.

त्यामुळे 'रायटर' या शब्दाचा माझा अर्थ अजून तोच आहे: दुसऱ्याचं सांगणं कागदावर उतरवणारा. पुढे माझे लेख छापून आले आणि कोणी ओळख करून देताना म्हणालं, "या रायटर आहेत," तेव्हा मी पटकन म्हणून गेले, "कोणाच्या?"

सांगून लिहिण्याची परंपरा तशी मोठी. विदर्भातले गुलाबराव महाराज नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली. १८८१ ते १९१५, उणंपुरं चौतीस वर्षांचं आयुष्य, आणि तेवढ्यात शंभरावर ग्रंथ, इतरांकडून लिहून घेतलेले. मला त्यांच्या तत्त्वज्ञानापेक्षा त्यांच्या लेखनिकांबद्दल जास्त कुतूहल आहे. महाराज पुढे धावत असतील आणि तो बिचारा बोरू बुडवत मागे. त्याला वेलांटी कोण सांगत होतं? मला स्वतःला सांगून लिहिता येत नाही. समोर माणूस बसला की मी वाक्यं सभेत बोलल्यासारखी घालते, आणि तो जरा हुंकारला की तिथेच थांबते. आता मोबाइलला बोलून लिहिता येतं, तेही करून पाहिलं. तो हुंकारत नाही, पण मागे कुकरची शिट्टी झाली की मजकुरात काहीही घुसतं.

म्हणून मी टाइप करते. इनस्क्रिप्ट नावाच्या कळफलकाच्या पद्धतीने. डाव्या तर्जनीखाली जी कळ येते तिच्यावर बोटाला लागेल असा छोटा उंचवटा असतो. ती कळ म्हणजे पहिली वेलांटी. तिच्या बरोबर वरची, दुसरी. आधी व्यंजन, मग वेलांटी. मला हे पहिल्यांदा शिकवलं तेव्हा मी हसले होते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, संगणकाच्या पोटातही हाच क्रम असतो: आधी क चा क्रमांक, मग वेलांटीचा. ती डावीकडे नेऊन काढायचं काम पडदा करतो, डोळसांच्या सोयीसाठी. धुळीतलं ते भांडण मी तीस वर्षांनी जिंकले.

पण लिहिलेलं परत वाचायचं ते कानाने. संगणकावर एनव्हीडीए नावाचा वाचक आहे, पडद्यावरचं बोलून दाखवणारा, फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी तो २००६ पासून घडवला, म्हणून माझ्यासारख्या बँकेतल्या टेलिफोन ऑपरेटरलाही तो परवडला. त्यातला मराठी आवाज पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. मी तो इतक्या वेगाने ऐकते की पुतण्या म्हणतो, आत्याच्या लॅपटॉपमध्ये लाह्या फुटतात. त्या वेगात शीर आणि शिर एकच. दिन आणि दीन एकच. श आणि ष तर सावकाश ऐकले तरी एकच. शंका आलीच तर बाणाची कळ दाबत एकेक अक्षर ऐकायचं. पण शंका यायला तरी हवी ना! जिथे येते तिथे मी बरोबरच असते.

आमच्या शाळेतल्या जुन्या मैत्रिणींत हा वाद नेहमी चालतो. हल्लीच्या अंध मुलांना ब्रेल नकोसं वाटतं. मोबाइल सगळं बोलून दाखवतो, मग ठिपके कशाला? खरंय, ठिपक्यांनी मला बँकेचं ॲप उघडता आलं नसतं. पण ही मुलं मला मेसेज पाठवतात तेव्हा मला कळतं की यांनी शब्द फक्त ऐकलाय, कधी हाताळलेला नाही. 'विद्यार्थी'तला रफार कुठल्या कुठे असतो. मी त्यांना बोलत नाही. माझीही वाट तीच आहे, मी फक्त उशिरा निघाले.

त्या पत्र्याच्या आवाजाचा एक गुण मात्र कबूल केला पाहिजे. तो कोणाची भीड ठेवत नाही. आपण रात्री डोळ्यांत पाणी आणून लिहिलेलं वाक्य सकाळी तो लाइट बिलासारखं वाचतो. त्यातून जे उरतं ते ठेवायचं.

लिहिण्यातली खरी अडचण वेगळीच आहे. डोळस लेखक वर नजर टाकतो आणि त्याला कळतं की आपण मासळीबाजाराबद्दल आधी लिहिलंय. मला वर नजर टाकता येत नाही. परत ऐकत बसावं लागतं. म्हणून मी प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला एक खुणेचा शब्द टाकते. आई. नोट. मासे. मग शोधून तिथे उडी मारायची. शेवटी सगळे शब्द काढून टाकायचे. एका दिवाळी अंकात एक काढायचा राहिला आणि माझ्या आईच्या आजारपणावरचा हळवा परिच्छेद 'मासे २' या शब्दांनी सुरू झाला. संपादकांना वाटलं, काही नवा प्रयोग असेल. त्यांनी ठेवला.

बरीचशी वाक्यं गाडीत होतात. भांडुप ते सीएसएमटी, धीमी गाडी, अपंगांचा डबा. तो फलाटावर कुठे येणार ते कळावं म्हणून तिथे एक यंत्र टुंऽ टुंऽ करत असतं. काठी त्या दिशेने न्यायची. चालू असलं तर. नसलं तर फलाटावरचा कोणीतरी दंड धरून मला महिलांच्या डब्यात भरतो आणि वर सांगतो, "सांभाळून हां." डब्यात बसायला मिळालं की मी डोक्यात चार वाक्यं धरू शकते. पाचवं आलं की पहिलं गळतं. कुर्ल्याच्या पुढे मिठी नदीवर चाकांचा आवाज पोकळ होतो, तोवर चार झालेली असतात. ती घोळवत मशीद बंदरपर्यंत जायचं, उतरल्यावर कोपऱ्यात उभं राहून फोनमध्ये बोलून ठेवायची. माझी वाक्यं आखूड असतात अशी एका परीक्षणात स्तुती झाली होती. ती शैली नाही. माझ्या डोक्याची डबी तेवढीच आहे.

आता वास. माझ्या लिखाणाबद्दल लोकांना एकच अपेक्षा असते: वास येऊ द्या. दादरची फुलं, मशीद बंदरचा मसाला, पहिल्या पावसाची माती. एका मासिकाने तर स्पष्ट सांगितलं, "तुमच्या नजरेतून, म्हणजे सॉरी, तुमच्या नाकातून मुंबई." मुंबईत येतात वास, नाही कुठे म्हणते? पण मी बारा महिन्यांतले चार सर्दीने बेजार असते, आणि गाडीत कानात बोळा घालून बातम्या ऐकते. डोळस माणूस रोज दादरचा पूल बघून भारावतो का? मग मीच का रोज झेंडूच्या वासाने भारावायचं? मला लिहायचं असतं ते कोळिणीशी झालेल्या व्यवहाराबद्दल. जुन्या नोटा लांबी-रुंदीवरून चटकन कळायच्या. २०१६ नंतरच्या नव्या नोटांत दोनशेची १४६ मिलिमीटर आणि पाचशेची १५०. चार मिलिमीटर! नॅबने, म्हणजे अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने, यावरून मुंबई उच्च न्यायालयात दादही मागितली. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये नोट ओळखणारं 'मनी' ॲप काढलं. पण एका हातात काठी, दुसऱ्यात पिशवी, आणि मासळीच्या पाण्याने ओली बोटं, तेव्हा ॲप कोण उघडतं? मी दोनशेची समजून नोट पुढे केली तर ती म्हणते, "पाचशेची हाय गो, ठेव आत." आणि बोंबील मात्र दहा रुपयांनी चढे लावते. हा हिशोब मला कुठल्याही वासापेक्षा मोलाचा वाटतो.

आणि दुसरी अपेक्षा म्हणजे मी 'पाहिलं' लिहू नये. एकाने समासात प्रश्नचिन्ह टाकलं होतं म्हणे. मी फोनवर म्हटलं, तुम्ही आमटीची चव पाहता तेव्हा डोळे कुठे लावता? वाट पाहता, नाडी पाहता, मुलगी पाहायला जाता आणि दोन तास पोहे खाऊन येता. मराठीत सगळं करूनच पाहायचं असतं. ऐकून पाहा, खाऊन पाहा, विचारून पाहा. मी एवढी भाषा वापरणार आणि तिच्यातलं एक क्रियापद तेवढं डोळसांसाठी राखीव ठेवणार? ते हसले आणि प्रश्नचिन्ह काढलं.

निदान मला तसं वाटलं.

पुस्तक निघालं त्याला आता चार वर्षं झाली. लेखांचा संग्रह, एकशे चाळीस पानं. मी सगळे लेख युनिकोडमध्ये पाठवले होते. एके दिवशी निरोप आला, "प्रूफ पाठवलंय, एकदा नजर टाका." फाइल उघडली तर वाचक बोलायला लागला: एम, डॉलर, अर्धविराम, डब्ल्यू, टक्के. एकशे चाळीस पानं हेच. छपाईच्या जुन्या पद्धतीत दिसायला मराठी अक्षर असतं, पण त्याच्या पोटात इंग्रजी चिन्ह असतं. पडद्यावर बघणाऱ्याला फरक पडत नाही. वाचकाला अक्षराचं रूप दिसत नाही, पोट तेवढं कळतं, आणि तो इमानदारीने पोटातलं वाचतो. माझी बालपणीची सगळी दुःखं त्या आवाजात टक्के आणि डॉलर झाली होती.

भावाने चार रात्री बसून मोठ्याने वाचून दाखवलं. त्याचे उपकार. पण वाचून दाखवण्यात वेलांटी ऐकू येत नाही आणि रात्री साडेअकराला तो जांभईत एखादी ओळ गिळतोही. मी सापडल्या तेवढ्या दुरुस्त्या कळवल्या. दुसरं प्रूफ बघायला वेळ नव्हता. प्रकाशकांना पुस्तक लवकर आणायचं होतं.

मग पुस्तक हातात आलं. गुळगुळीत मुखपृष्ठ, त्यावर माझं नाव थोडं उठावाचं, म्हणजे तेवढं नाव मला लागतं. आतली पानं सपाट. मी ते कितीतरी दिवस उशाशी ठेवलं होतं. फोनने पानांचे फोटो काढून वाचून घ्यायचाही प्रयत्न केला. घर चं धर झालं, भाकरीची माकरी. प्रस्तावनेच्या पुढे मी गेले नाही. कायद्याची आडकाठी आता नाही. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने अंधांसाठी पुस्तक वाचण्याजोग्या रूपात आणायची मुभा दिली. याच मुभेचा आंतरराष्ट्रीय माराकेश करार तर २०१४ मध्ये सगळ्या देशांत आधी भारताने मंजूर केला. कायदा होता. फाइल नव्हती.

दादरच्या एका वाचनालयात त्या पुस्तकावर कार्यक्रम झाला. शेवटी एक वयस्कर गृहस्थ माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमचं ते वाक्य, 'मी वळून तिला ऐकलं'… अंगावर काटा आला हो." मी आभार मानले. असं वाक्य मी लिहिल्याचं मला आठवेना. वाटलं, त्यांच्या आठवणीत बदललं असेल. वाचक असं करतात, आणि त्यात त्यांचं काही चुकतही नाही.

गेल्या वर्षी छपाईची फाइल करणाऱ्या मुलाने, त्याचं त्याला वाटलं म्हणून, अख्खं पुस्तक युनिकोडमध्ये उलटवून मला पाठवलं. छापलं गेलं होतं अगदी तसं. रफार थोडे इकडेतिकडे झाले होते, ते मी बसून नीट केले. बाकीचं ऐकलं नाही, मुद्दामच. मला ते बोटांनी वाचायचं होतं. ओळखीतून ब्रेल छापून घेतलं. एकाच बाजूला ठिपके, जाड कागद, स्पायरलचे तीन खंड. टॅक्सीतून घरी आणले. वहिनीने विचारलं, "ताई, एवढं ठेवायचं कुठे?" वन रूम किचनमध्ये हा प्रश्न रास्त आहे. ते माझ्या खाटेखाली गेले, गव्हाच्या डब्याशेजारी.

पंधरा दिवस रोज पहाटे एक लेख. नळाला पाणी यायच्या आधी, दिवा न लावता, पांघरुणात हात घालून. हे सुख डोळसांना नाही. बोटाखाली माझ्याच चुका येत होत्या, तीन-पाचच्या जागी दोन-चार, आणि प्रत्येक चूक सापडली की मला बक्षीस मिळाल्यासारखं होत होतं. 'शीर' नीट होतं. संपादकांनी केलं होतं.

दुसऱ्या खंडात वसतिगृहाचा लेख. आई फाटकाशी थांबते, बाई माझा हात धरून आत नेतात. पुढची ओळ मला पाठ होती, बोट फक्त तिच्यावरून चाललं होतं. मी वळून तिला. मग ऐ. क. ल. अनुस्वार.

मी बोट मागे नेलं, परत आणलं. ऐकलं.

मी 'पाहिलं' लिहिलं होतं. सहा वर्षांची मी, मान वळवली, आई जिथे होती तिकडे तोंड केलं आणि ती तिथे आहे का हे पाहिलं. ती काही बोलत नव्हती. ऐकायला तिथे काहीच नव्हतं. सगळ्या लेखात तेच तर होतं. कोणीतरी चांगल्या मनाने, माझी चूक होऊ नये म्हणून, किंवा वाक्य सुंदर व्हावं म्हणून बदललं असणार. सुंदर झालंही होतं. अंगावर काटा येईल असं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. खाटेखालच्या ट्रंकेतून शाळेतली पाटी काढली. बिजागरी गंजली होती, तिला खोबरेल लावलं. आधी नखाने 'ऐकलं'चे ठिपके एकेक करून दाबले, सपाट होईपर्यंत. 'ऐकलं'ला चार घरं लागतात आणि 'पाहिलं'ला सहा. पण तो शब्द ओळीच्या शेवटी होता, पूर्णविरामापुढे थोडी घरं रिकामी होती. पूर्णविरामही पुसला. पान पालथं करून पाटीत धरलं, खालीवर सरकवून ओळ जुळवली, आणि उजवीकडून लिहायला घेतलं. प, मग काना, मग ह.

पुतण्या शेजारी येऊन बसला होता. म्हणाला, "आत्या, ह ला कुठली?"

"पहिली," म्हटलं, आणि दोन-चार टोचले.